मौजमळ्यातलं गलबत

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला मौजमळ्याच्या फाटकाबाहेर सहाशे चाळीस माणसं उभी होती. आकडा पक्का आहे, मीच मोजला. नंदुरबार आगारात एसटीचा वाहतूक नियंत्रक म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यामुळे गर्दी दिसली की डोळे आपोआप मोजायला लागतात. निवृत्त झाल्यावर या करमणूक बागेनं मला रांगा लावायच्या कामावर ठेवलं. होळी तीन दिवसांवर आली होती. ऊसतोडीवरून गुजरातेतून परतणारी डोंगरातली कुटुंबं बोचकी, पोरं आणि कोंबड्यांसकट जीपमधून थेट आमच्या दारात उतरत होती. सुरतेच्या गाड्या निराळ्याच. फाटक दहाला उघडायचं होतं.

तेवढ्यात आतून ओरडा आला. बाईमाणसाचा होता. मी पासष्टीकडे झुकलेला माणूस, पण पळालो.

धानोऱ्याच्या रस्त्याला योगेंद्र चौधरींनी केळीची बाग मोडून हा मौजमळा उभा केला. त्यातला सगळ्यांचा लाडका खेळ म्हणजे गलबत. चाळीस माणसं बसतील एवढं लोखंडी गलबत झोपाळ्यासारखं पुढंमागं झुलतं. त्या गलबताच्या पोटाखाली आमचा फिटर सुकलाल पडला होता. हातात ग्रीसची बंदूक तशीच होती. डोक्याकडं मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. कडेला लखन उभा होता, गलबत चालवणारा, डोंगरातल्या काठी गावचा पंचविशीतला तरुण. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

दुपारी पोलीस लखनला घेऊन गेले. मशीन चालू केलं त्यानं, माणूस मेला मशीनखाली, पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथंच संपलं.

संध्याकाळी मी सुकलालच्या घरी गेलो. भिकुबाई ओट्यावर बसली होती, कोरड्या डोळ्यांनी.

"भाऊ, लखननी मन्हा मानूसले मारं नही," ती म्हणाली. "बारा वरीस तो मन्हा घर जेवस."

"पोलीस तर तेच म्हणताहेत, भिकुबाई."

"त्यास्ले काय ठाव? तुमी शोधा. कोनी मारं त्यान्हं नाव माले सांगा. नाव समजनं का मंग मी रडसू."

असं मागणं कुणी केलं तर माणूस नाही कसं म्हणेल? मी हो म्हणालो. आणि ओट्यावरून उतरता उतरता माझ्या डोक्यात जी गाठ बसली ती दुसऱ्या दिवसापर्यंत सुटली नाही.

गाठ अशी. गलबत चालवणाऱ्याच्या खोलीत एक खुर्ची आहे. तिच्या गादीखाली कळ आहे. खुर्चीवर माणसाचं वजन असेल तरच गलबत सुरू होतं; माणूस उठला की जागच्या जागी थंड. सुकलालला ही कळ देवासारखी. मशीनखाली जाण्याआधी तो मागच्या काचेतून खुर्ची बघायचा. खुर्चीच्या पाठीवर डोकं दिसलं तर थांबायचा, दिसलं नाही तर आत शिरायचा. "खुर्ची खाली ते मशीन मरेल," असं तो पोरांना शिकवायचा.

म्हणजे खुर्ची रिकामी असेल तर गलबत हलणार नाही. आणि खुर्चीवर कुणी असेल तर सुकलाल खाली जाणार नाही. मग सुकलाल मेला कसा?

२

उत्तर एकच दिसत होतं आणि ते वाईट होतं. सुकलाल खाली गेला तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि तो खाली गेलाय हे बघून कुणीतरी मुद्दाम खुर्चीवर बसलं. अपघात नव्हे, खून.

पहिल्यांदा मगनला गाठलं. मगन आमचा सुपरवायझर, सुकलालवर त्याचा जुना राग. फिटरचं ऐकायचं की सुपरवायझरचं, यावरून दोघांची रोज जुंपायची.

"परवा लखननं नि सुकलालनं भांडन व्हयनं, साहेब. मी सोता ऐकं," मगन म्हणाला.

"कशावरून?"

"सुकलाल त्याले सांगे, आजच काठीले जाय, तुन्ही ड्यूटी मी करसू. लखन सांगे, चेतनाताई सोडत नही. सुकलालनं डोकं फिरनं."

भांडण कसलं, ही तर माया होती. सुकलालला त्या पोराला होळीला गावी धाडायचं होतं. लखननं यंदा नवस केला होता. काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचा टोप घालून, अंगावर राखेची नक्षी काढून नाचायचं, तर आधी पाळणी पाळावी लागते. चूल वेगळी, जमिनीवर झोप, पायात चप्पल नाही. त्याच्या आजारी आईसाठी बोललेला नवस होता. हे सगळ्यांना माहीत होतं.

"आणि तू? साडेनऊला तू कुठं होतास, मगन?"

मगन माझ्याकडं बघतच राहिला. "तुमना बाजूले, साहेब. फाटकवर. तिकिटन्या पट्ट्या वाटी ऱ्हायंतू."

खरंच की. त्याचा दंड माझ्या दंडाला लागत होता. चौतीस वर्षं माणसं मोजली आणि शेजारचाच मोजायचा विसरलो. मालक योगेंद्रभाऊ त्या सकाळी शहाद्याला होते, मी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोललो होतो. बाकीची पोरंही फाटकावरच होती, म्हणजे त्या वेळी आत चौघंच उरले. लखन, उपाहारगृहातली जमनाबाई, योगेंद्रभाऊंची इंजिनीअर लेक चेतना आणि मेलेला सुकलाल.

खुर्चीवर बसला तो या तिघांपैकीच एक.

३

शुक्रवारी चौकीत लखनला भेटलो. हवालदार वैतागला होता.

"याला काहीतरी सांगा हो. कालपासून उभाच आहे. बाकावर बस म्हटलं तर बसत नाही, खाली फरशीवर उकिडवा होतो. नाटकं नुसती!"

लखन गजांना धरून उभा होता. अनवाणी. पाय सुजलेले.

"बस ना रे बाबा," मी म्हणालो.

"पाळणी आहे ना काका. खाटेवर, खुर्चीवर, बाकावर बसायचं नाही. मोडली तर आईला लागेल."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग गुरुवारी गलबताच्या खुर्चीवर…"

"मी बसलो नाही काका."

"बटन कुणी दाबलं?"

"मी दाबलं."

"खुर्चीवर न बसता? मशीन सुरू होतं कसं?"

त्यानं मान खाली घातली. मी दोनदा विचारलं, चारदा विचारलं, शेवटी ओरडलो. हवालदार आत डोकावला.

"ताईंनी कुणाला सांगू नको म्हटलंय," लखन पुटपुटला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

४

मी तडक मौजमळ्यात गेलो. गलबताला दोरी बांधून बंद ठेवलं होतं, पण बाकी सगळं सुरू होतं. फाटकावर रांग होती. आदल्या दिवशी इथं माणूस मेला हे रांगेतल्या निम्म्यांना माहीत होतं, आणि ते गलबत कुठलं म्हणून बोट दाखवून विचारत होते. माणसांचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

खोलीत शिरलो. खुर्ची उंच पाठीची. मागच्या काचेतून फक्त पाठीचा वरचा भाग दिसतो, गादी दिसत नाही. गादीवर लालसर भुकटी होती, ती मी बोटांनी चाचपली. पोलिसांनी ती गुलाल समजून सोडून दिली असणार, होळीच्या दिवसांत लाल काही दिसलं की दुसरं काय मनात येईल?

मग बटनांची पेटी पाहिली. ही पेटी टेबलावर असते, वायर दोन हातांची. आता तिला काळ्या वायरीचा जोड होता, पिवळी पट्टी गुंडाळलेला, आणि वायरीचं वेटोळं खिडकीखाली पडलं होतं. मी पेटी हातात घेऊन बाहेर निघालो. वायर सुटत गेली, सुटत गेली, आणि बावीस पावलांवर, माणसं गलबतात चढतात त्या दारापाशी जाऊन संपली. त्या दाराच्या आणि गलबताच्या मागच्या अंगाच्या मध्ये रांगेसाठी नवीन पत्र्याची शेड झालेली. इथं उभ्या माणसाला मागं कोण शिरलं ते दिसणं शक्यच नव्हतं.

ऊन रणरणत होतं. मी कपाळाचा घाम पुसला, हात डोळ्याला लागला आणि मी गुरासारखा ओरडलो. डोळ्यात आग! गुलाल असा झोंबतो होय? आंधळ्यासारखा चाचपडत मी उपाहारगृहात पोचलो.

"दूध लावा, दूध," जमनाबाई धावत आली. फडकं दुधात बुडवून तिनं माझ्या डोळ्यावर धरलं. "कोठे हात घाला व्हता? ही ते मिरची शे."

"मिरची?"

"नंदुरबारनी मिरची, भाऊ, वास तरी वळखा! मन्हं बी एक पोतं सोमवारपाईन सापडे नही. तीस किलोनं. सगळास्ले इचारं. नि काल दुपारले दखस ते भट्टीजोडे ठेयेल. मधमा दबेल, जसं काही कोनी त्यावर… नही, जसं तेच कोठे बशेल व्हतं."

फडकं डोळ्यावर तसंच धरून मी खाली बसलो. जमनाबाई पाणी आणायला गेली.

खुर्चीवर कुणीच बसलं नव्हतं. खुर्चीवर मिरचीचं पोतं बसलं होतं. सोमवारपासून गुरुवारपर्यंत, सकाळ संध्याकाळ. तीस किलोच्या वजनानं कळ दाबलेली आणि मशीन कायम जिवंत. मागच्या काचेतून बघणाऱ्याला पाठीवर डोकं दिसणार नाही, पोतं गादीवर खाली. सुकलाल बारा दिवस पलीकडं विस्ताराच्या कामावर होता, नवा मोठा पाळणा उभारत होता. गुरुवारी सकाळी गलबत कुरकुरतंय म्हणून पहिल्यांदा इकडं आला. त्यानं काचेतून बघितलं, खुर्ची रिकामी, आणि निर्धास्त खाली शिरला. बावीस पावलांवर, शेडपलीकडं, लखननं सकाळच्या रिकाम्या चाचणी फेरीसाठी बटन दाबलं.

खून नव्हता. पण पोतं आपल्या पायानं चालत गेलं नव्हतं, आणि आपल्या पायानं परतही आलं नव्हतं.

५

चेतना कचेरीत होती. भिंतीवर विस्ताराचा मोठा नकाशा. नवा पाळणा, नवी पाण्याची घसरगुंडी, दुप्पट वाहनतळ. मी तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखतो, नंदुरबारला कॉलेजला जायची तेव्हा माझ्याच आगारातून पास काढायची.

"मिरचीचं पोतं," मी एवढंच म्हणालो.

ती रडायला लागली. मी थांबलो. तिच्यावर ओरडायचं ठरवून गेलो होतो, ते जमलं नाही.

"लखन खुर्चीवर बसायला तयार नव्हता, काका," ती म्हणाली. "दुसरा शिकलेला माणूस नव्हता. होळीच्या आठवड्यात गलबत बंद ठेवायचं? बाबा म्हणाले, काहीतरी कर. मग मी पोतं ठेवलं. वायर वाढवली. म्हणजे त्याला दारापाशीच उभं राहून माणसं बसवता येतील आणि तिथूनच बटन दाबता येईल. त्याची पाळणीही मोडणार नाही."

"सुकलालला सांगितलंस?"

"मला वाटलं लखन सांगेल. तो त्यांच्या घरचाच आहे ना!"

"तू लखनला कुणाला सांगू नको म्हणालीस."

"इन्स्पेक्शनवाल्यांना, काका! बाहेरच्यांना! सुकलालकाकांना सांगू नको असं मी म्हटलं का?" तिनं डोळे पुसले. "आणि लखनला वाटलं मी सांगितलं असेल. काल रडत रडत तेच म्हणत होता."

"पोतं परत कुणी नेलं?"

"मी. जमनाबाई ओरडली, मी धावले, आणि का कोण जाणे, पहिलं ते उचललं. पोलिसांनी काय विचारलं? बटन कोणी दाबलं. कुणी पोत्याचं विचारलंच नाही."

"तू चौकीत चल आणि सांग. तो पोरगा दोन दिवस उभा आहे. होळी गेली त्याची."

कपाट उघडून तिनं एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"येते, काका. पण मग हाही न्यावा लागेल. मला ही कल्पना स्वतःहून सुचलेली नाही."

कागद ओळखीचा होता. अक्षर वळणदार, समासासकट, आगारात शिकलेलं. *गलबत: एका फेरीस सध्या साडेपाच मिनिटे. पैकी चालकाचे खुर्चीवरून उठणे, दांडे तपासणे, परत येऊन बसणे यात सत्तर सेकंद. हे उठणे-बसणे वाचविल्यास तासाला अकराऐवजी जवळपास चौदा फेऱ्या, म्हणजे सुमारे एकशे वीस माणसे जास्त. रांग आटोक्यात येईल.*

खाली सही माझी होती.

६

तो कागद मी फेब्रुवारीत लिहिला होता. घड्याळ घेऊन दोन दिवस गलबतासमोर उभा राहिलो होतो, आणि योगेंद्रभाऊंनी पाठ थोपटली तेव्हा घरी पेढे नेले होते. मग होळीचा आठवडा आला. सोमवारपासून गलबताची रांग झपझप कमी व्हायला लागली. फाटकावरून मला ती दिसत होती. मी खूश झालो. रांग का कमी होतेय ते बघायला चारशे पावलं चालून गेलो नाही. एसटीत कुणी वेळेआधी गाडी आणली तर मी आधी विचारायचो, कुठला थांबा गाळलास? इथं विचारलं नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी योगेंद्रभाऊंचा फोन आला. "प्रेमचंदभाऊ, जो गया तो गया. लखनले मी चांगला वकील देस. तुमी दोन्ही कसाले मधमा पडतस?" मी फोन ठेवला. शनिवारी सकाळी चेतना आणि मी चौकीत जाऊन बसलो आणि सगळं लिहून दिलं. खुर्ची, कळ, पोतं, वायर, शेड, कागद. चेतनाचा आवाज एकदाही कापला नाही, ते मात्र मान्य करायला हवं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"बटन तर त्यानंच दाबलं," ते म्हणाले. "पोतं आहे हे त्याला माहीत होतं."

लखनचं नाव कागदावरून गेलं नाही. आमची दोन त्यात वाढली.

मी लखनकडं गेलो, म्हटलं, तुझा काही दोष नाही बाबा, शेड आड होती. त्यानं ऐकून घेतलं. "पण पोतं मी रोज बघत होतो काका," तो म्हणाला. "रोज सकाळी मीच ते नीट करत होतो, घसरू नये म्हणून. काकांना एका शब्दानं सांगितलं नाही." काठीला त्या दिवशी ढोल वाजायला लागले असतील. त्यानं विचारलं, आईला कुणी निरोप दिला का. कुणी दिला नव्हता.

मग भिकुबाईकडं गेलो. आयुष्यात नोंद न करता गाडी सोडली नाही मी, पण त्या वाटेवर तीनदा वाटलं की परत फिरावं. तिनं चहा केला. कपबशी माझ्यापुढं ठेवून समोर बसली, पदर सावरून, ऐकायला तयार.

मी सगळं सांगितलं. पोत्याचं सांगितलं, चेतनाचं सांगितलं, योगेंद्रभाऊंचं सांगितलं, लखनचं सांगितलं. शेवटी कागदाचंही सांगितलं. सत्तर सेकंद, एकशे वीस माणसं, सही.

ती म्हणाली, "तुमले ठाव व्हतं का, पोतं ठेयं म्हनीसन?"

"नाही."

"रांग कमी व्हयनी ते दखं व्हतं?"

"हो."

"मंग इचारं व्हतं का कोनले?"

"नाही विचारलं, भिकुबाई."

तिनं मान हलवली. मला वाटलं आता ती रडेल, तिनं तसं म्हटलं होतं. मी रडण्याची वाट बघत होतो, खरं तर मला ते हवंच होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"मी एक नाव मांगं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "तुमी चार लयनात."

माझ्यापुढची कपबशी तिनं उचलली. चहा अजून गरम होता, मी घोटही घेतला नव्हता. ओट्याच्या कडेला जाऊन तिनं तो मातीत ओतला, कप विसळला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.